कळव्यातली चोवीस घरं आणि माझं एक गृहीतक

कळव्याला फिरायला म्हणून कोणी जात असेल असं मला वाटत नाही. मी गेले ती चोवीस घरांची वाटणी करायला. त्या पाच दिवसांत कळवा, शहाड, डोंबिवली आणि ठाणं एवढाच प्रवास झाला. अमरावतीला परतल्यावर आईनं विचारलं, "काय पाहिलंस तिकडं?" तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी दिल्लीत अर्थशास्त्रात पीएचडी करते, आणि तेही सूक्ष्म अर्थशास्त्राच्या सिद्धांतात. आमच्याकडे आकडेवारी नसते, सर्व्हे नसतात. असतात ती गृहीतकं, प्रमेयं आणि सिद्धता. माझा विषय घरांच्या वाटपाचा. समजा, काही माणसं आहेत आणि तेवढीच घरं. प्रत्येकाची आवड वेगळी. अशी कोणती पद्धत आहे की वाटप झाल्यावर कुठल्याही दोघातिघांना "चला, आपण आपापसांत बदलून घेऊ" असं वाटणार नाही? अशी पद्धत अनेक वर्षांपूर्वीच सापडलेली आहे. मी ती जरा वेगळ्या परिस्थितीत चालते हे सिद्ध केलं होतं. पाच वर्षांचं काम, सत्तेचाळीस पानांचं प्रकरण, आणि प्रबंध द्यायला तीन आठवडे उरलेले.

हॉस्टेलमधली माझी शेजारीण प्रज्ञा सोनवणे कळव्याची. तिच्या आईवडिलांची चाळ पाडून तिथं नवी इमारत होणार होती. चोवीस बिऱ्हाडं, सहा मजले, मजल्यावर एका रांगेत चार घरं. कोणाला कोणतं घर यावरून सहा महिने नुसत्या सभा चाललेल्या. प्रज्ञाचे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. ती म्हणाली, "अगं, तुझं प्रमेय आमच्या चाळीतच राहतं. जाऊन ये ना. पप्पांना सांगते मी."

मला मोह झाला. पाच वर्षांत माझं गणित खऱ्या माणसानं कधी वापरलं नव्हतं.

कळवा, बुधवार

ठाण्याला उतरून रिक्षानं खाडीचा पूल ओलांडला. ओहोटी होती. दोन्ही बाजूंना काळा, चकचकीत चिखल, त्यात खारफुटीची मुळं वर आलेली, आणि मिठाचा, कुजलेल्या पानांचा वास. विदर्भातल्या माणसाला पाणी दिवसातून दोनदा येतं नि जातं हेच नवल. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, इथे काय बघणार? पुढे मॉल आहे."

सोनवणे काका चाळीच्या तोंडाशीच उभे होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, उंच, घाईघाईनं बोलणारे. "जय भीम, जय भीम. ये. प्रवास कसा झाला? मी काय बोलतो, आधी जेवून घे, मग बोलू." काकूंनी बाजरीची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा वाढला. काकू मूळच्या निफाडच्या. भाकरी नाशिकची आणि सुकट खाडीची, असं त्या ताटाचं लग्न तीस वर्षांपूर्वी झालेलं.

खोली दहा बाय बाराची. आमच्या अमरावतीला शेजारी म्हणजे कंपाउंडपलीकडचा माणूस, हाक मारायची तर गेटपर्यंत जावं लागतं. इथं मी पाण्याचा पेला खाली ठेवला तर भिंतीपलीकडून आवाज आला, "सोनवणे, पाहुणे आले काय?"

"आले, तावडे, आले," काका छताकडे बघत म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "हा माणूस बघ. सगळ्यांच्या तक्रारी करतो. नळ चालू राहिला, तक्रार. गॅलरीत चपला, तक्रार. गणपतीत स्पीकर लावला म्हणून पोलिसांना फोन, आमच्या जयंतीला लावला म्हणून पण फोन. भेदभाव नाय अजिबात."

मला हसू आलं. काका हसले नाहीत.

संध्याकाळी चाळीच्या बुद्धविहारात सगळ्यांना माझी पद्धत समजावली. मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकून घर थेट नशिबावर सोडू नका. प्रत्येकानं फॉर्मवर चोवीस घरांचा पसंतीक्रम लिहायचा. मग मी कागदावर वाटप काढीन, आणि ते असं असेल की नंतर अदलाबदल करून कोणाचंच भलं होणार नाही. खोटं लिहून कोणाला फायदाही होणार नाही. तुमचा फॉर्म माझ्याशिवाय कोणी बघणार नाही.

"नक्की?" मागून एका बाईनं विचारलं.

"नक्की," मी म्हटलं.

कळवा, गुरुवार

फॉर्म दुपारपर्यंत परत आले. काकू पाणी भरायला गेल्या होत्या, काका विहारात. मी पलंगावर बसून पहिला फॉर्म उघडला.

घर क्रमांकाच्या चौकटीत लिहिलं होतं, "वाघमारे वहिनी जिथं, तिथं."

दुसऱ्यावर, "कुठेही चालेल, पण मोरे आमच्या डोक्यावर नकोत." तिसऱ्यावर तीन घरं नीट क्रमानं लिहून खाली, "हे सगळं शेजारी कोण त्यावर आहे." एका फॉर्मवर सुनेनं आणि सासूनं वेगवेगळ्या शाईत लिहिलेलं, आणि सासूनं सुनेचं खोडलेलं. मी मोजत गेले. नुसती घरं लिहिलेले फॉर्म सात. बाकी सगळ्यांवर माणसांची नावं.

माझ्या प्रकरणाच्या चौथ्या पानावर एक ओळ आहे. 'प्रत्येक व्यक्तीची पसंती फक्त तिला मिळणाऱ्या घरावर अवलंबून असते, इतरांना काय मिळालं यावर नाही.' गृहीतक दोन. पाच वर्षांत मी तिच्याकडे परत पाहिलं नव्हतं, कारण या विषयात सगळेच ती ओळ लिहितात आणि पुढे जातात. पुढची त्रेचाळीस पानं त्या एका ओळीवर उभी होती.

आणि मग मला ते दोन फॉर्म दिसले. बरेच जण एका बाबतीत एकमताचे होते. 'तावडे नको.' कुणी थेट लिहिलेलं, कुणी आडून. सोनवणे काकांच्या सुवाच्य अक्षरात होतं, "कोणीही शेजारी चालेल. तावडे सोडून."

तावड्यांचा फॉर्म शेवटी निघाला. बोरूनं गिरवल्यासारखं जुनं, शाळेतलं अक्षर. "सोनवणे यांच्या शेजारी कोणतेही. मी एकटा आहे. भिंतीवर हात मारला तर सोनवणे उठतात. पत्नी मालती आजारी असताना दोनदा उठले होते."

मी दोन्ही फॉर्म उलटे करून ठेवले. तेवढ्यात काकू घागर घेऊन आल्या. "झालं का गं? कोण कुठे जाणार आम्ही?"

"अजून नाही, काकू," मी म्हटलं. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला. ज्यांच्या हातची भाकरी खाल्ली त्यांचं गुपित माझ्याकडे होतं, आणि भिंतीपलीकडच्याचंही.

प्रज्ञाला फोन केला. नावं सांगितली नाहीत. नुसतं म्हटलं, की माझं गृहीतक तुमच्या चाळीत चालत नाही.

"बापट बाईंकडे जा," ती म्हणाली. "डोंबिवलीला राहतात. मला बी.ए.ला शिकवायच्या. तू ज्याच्यावर काम करतेस ना, त्याच्यावरच त्यांनी एके काळी सुरुवात केलेली. का सोडलं ते कधी सांगितलं नाही."

शहाड, शुक्रवार

डोंबिवलीला जायला निघाले आणि पोचले शहाडला. दुपारच्या रिकाम्या टिटवाळा गाडीत खिडकीशी बसून मी वहीवर घरं आणि माणसं मांडत होते. डोंबिवली गेलं, कल्याणही गेलं, मला कळलंच नाही. शेजारच्या बाईनं खांद्याला हात लावून विचारलं, "कुठे जायचंय तुला?" डोंबिवली म्हटल्यावर ती इतकी हसली की समोरच्या बाईलाही सांगितलं. "अगं, ही गणितं करत करत शहाडला आली!"

परतीच्या गाडीला वेळ होता. मी स्टेशनबाहेर पडून नदीच्या पुलापर्यंत चालत गेले. उल्हास नदी अशी दिसतच नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णीची जाड पानं आणि मध्ये एक बगळा, पाण्यावर चालत असल्यासारखा. कठड्याला टेकून मी वही उघडली.

समजा दोन मजले, प्रत्येकावर दोनच घरं. चार बिऱ्हाडं. पहिल्याला दुसऱ्याचा शेजार हवा, दुसऱ्याला तिसऱ्याचा, तिसऱ्याला पहिल्याचा. चौथा असा, की कोणी 'जागा बदलतोस का' म्हटलं तर लगेच 'हो' म्हणणारा, त्याला सगळं सारखंच. पहिला आणि दुसरा एका मजल्यावर ठेवले, तर दुसरा चौथ्याला म्हणतो, बदल, मला तिसऱ्याकडे जाऊ दे. ते झालं की तिसरा चौथ्याला म्हणतो, बदल, मला पहिल्याकडे जायचंय. मग पहिला म्हणतो, मला दुसऱ्याकडे. आणि आपण पुन्हा सुरुवातीला. चार माणसांची वाटणी तीनच प्रकारे होऊ शकते, आणि तिन्ही मोडतात. हे कधीच थांबत नाही.

गणित चुकलं असेल म्हणून तीनदा तपासलं. चुकलं नव्हतं. माझं प्रमेय, शेजारी ही गोष्ट आत आली की, खोटं होतं. पाच वर्षांच्या कामाला खोडून काढायला अर्धं पान पुरलं. त्या पुलावर मला रडू आलं, हे लिहायला हरकत नाही. एक भाजीवाल्या आजी डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरी, कठड्यापासून जरा लांब हो बरं." त्यांना काय वाटलं असेल ते ध्यानात आलं तशी मी डोळे पुसून घाईनं वही दाखवली. "आजी, अभ्यास आहे, अभ्यास." त्यांना ते अजिबात पटलं नाही. स्टेशनच्या जिन्यापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या.

डोंबिवली, शुक्रवार-शनिवार

बापट बाई पूर्वेला, फडके रोडपासून दोन गल्ल्या आत राहतात. वय सत्तरीला आलेलं. दार उघडताच म्हणाल्या, "दोन तास उशीर. जेवली नसशील." मऊ भात, मेतकूट, वर तूप. मी जेवत होते आणि त्या माझी वही वाचत होत्या. चष्मा कपाळावर, वही नाकाशी.

"हा चौथा फार चांगला आहे," त्या म्हणाल्या. "सगळा घोटाळा सोशिक माणसामुळे होतो. तो 'नाही' म्हणाला असता तर निदान एका जागी थांबले असते सगळे."

मग त्या उठल्या आणि कपाटातून कागदांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. टंकलेखन यंत्रावर टाइप केलेला, समीकरणं हातानं लिहिलेली.

"माझंही असंच झालं," त्या म्हणाल्या. "विषय थोडा वेगळा. पण प्रबंध द्यायच्या आधी असंच एक भोक दिसलं. मी ते बुजवलं नाही. बुजवता येण्यासारखं नव्हतंच. पण कोणाला दाखवलंही नाही. गाइडना सांगितलं, सासूबाई आजारी आहेत, जमत नाही. त्या आजारी होत्या, ते खोटं नव्हतं."

"का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली. वाटलं, एवढी वर्षं काय केलं असं विचारतील." "मग पस्तीस वर्षं बी.ए.च्या मुलांना मागणी-पुरवठा शिकवला. छान शिकवला हो. त्याचं दुःख नाही. पण हा गठ्ठा मी दर दिवाळीत पुसून परत ठेवते, त्याचं आहे."

मी विचारलं, "मी ते गृहीतक तळटीपेत टाकून पुढे गेले तर? सगळेच टाकतात."

"जाशील की. कोणी अडवणार नाही." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "तुला सत्तेचाळीस पानांखाली हे अर्धं पान ठेवून झोप लागेल का, तेवढं बघ."

रात्रभर त्यांच्याकडेच राहिले. सकाळी चहा घेताना मी फॉर्मचं सांगितलं. नावं न घेता एवढंच, की एकाला दुसऱ्याचा शेजार हवा आहे आणि दुसऱ्याला तोच नको आहे, आणि दोघांना हे ठाऊक नाही.

बाईंनी नावं विचारली नाहीत. "तू त्यातलं कोणाला काही सांगणार नाहीस," त्या म्हणाल्या, "कारण शब्द दिला आहेस. आणि त्या कागदांवरून वाटपही करणार नाहीस. तुझ्या सूत्राला तो दुसरा माणूस कळणार नाही."

"मग काय करू?"

"कागद परत कर. समोरासमोर निवडू देत. कोण कुठं गेलं ते बघून पुढचा निवडेल."

शनिवारी दुपारी कळव्यात येऊन मी दारोदार जाऊन प्रत्येकाचा फॉर्म घडी करून त्याच्या हातात दिला. म्हटलं, माझी पद्धत तुमच्यासाठी अपुरी आहे, माझी चूक झाली. काही जण वैतागले. मोरे काका म्हणाले, "दिल्लीहून एवढ्यासाठी आलेलीस?" तावड्यांनी फॉर्म घेतला, उघडून बघितला, पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. "वाचलात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

कळवा, रविवार

विहाराच्या भिंतीवर इमारतीचा नकाशा चिकटवला होता. पद्धत साधी. चिठ्ठीतून फक्त क्रम ठरेल. आपला क्रम आला की पुढं यायचं आणि सगळ्यांसमोर नकाशातल्या घरावर आपलं नाव लिहायचं.

पहिल्या तिघांनी वरचे मजले घेतले. चौथे तावडे. इस्त्रीचा शर्ट, हातात स्वतःचं पेन. नकाशासमोर उभं राहून त्यांनी न वळता विचारलं, "सोनवणे, तुमचा नंबर कितवा?"

"एकोणिसावा," काका म्हणाले.

तावड्यांनी मान हलवली. बराच वेळ ते नकाशा पाहत राहिले. मग दुसऱ्या मजल्यावरच्या रांगेतलं शेवटचं घर, दोनशे चार, त्यावर नाव लिहिलं. ज्याला एकच शेजारी असतो असं घर. कोणाला त्रास नको म्हणून घेतलं की आपल्याला कोणाचा, ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

पाचवा, सहावा, सातवा. वाघमारे वहिनींनी पाचव्या मजल्यावर नाव लिहिलं तशी त्यांची मैत्रीण मागून ओरडली, "शेजारचं कोणी घेऊ नका गं!" आणि खरोखरच कोणी घेतलं नाही. तिचा नंबर चौदावा होता, मधल्या सगळ्यांनी ते घर सोडलं. माझ्या कुठल्याच समीकरणात हे बसत नव्हतं आणि मी तोंडाला ओढणी लावून हसत होते.

पण दुसऱ्या मजल्यावर दोनशे तीन रिकामंच राहिलं. दोनशे एक गेलं, दोनशे दोन गेलं. एक जण पेन तिथपर्यंत नेऊन, बाजूचं नाव वाचून, वर सरकला. तावडे पहिल्या रांगेत बसून हे सगळं बघत होते. हात मांडीवर, मान ताठ. एकेक माणूस पुढं येत होता आणि ते रिकामं घर सगळ्यांना दिसत होतं.

एकोणीस. काका उठले. सहा घरं उरली होती. सहाव्या मजल्यावरचं एक, वारा आणि खाडी दिसणारं, काकूंना हवं असलेलं. मला ते ठाऊक होतं, चाळीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. काका नकाशाजवळ गेले. पेन सहाव्या मजल्यावर नेलं. मग थांबले. मागं वळून काकूंकडे पाहिलं. काकूंनी नुसता एक श्वास सोडला आणि म्हणाल्या, "लिहा मग. बघत काय बसलात?"

काकांनी दोनशे तीनवर नाव लिहिलं.

तावडे उठले, नकाशापर्यंत गेले, नाव नीट वाचलं. "सोनवणे," ते म्हणाले, "अक्षर बिघडलं तुमचं." आणि जाऊन परत जागेवर बसले. त्यांनी पेन खिशात घालायचा दोनदा प्रयत्न केला, ते बसेना.

दुपारी काका मला ठाणे स्टेशनला सोडायला आले. पुलावर भरती होती, चिखल पूर्ण झाकलेला. मी धीर करून विचारलं, "काका, सहावा मजला का सोडला?"

"तू वाचलाच असशील माझा फॉर्म," ते म्हणाले. "लिहिला तेव्हा घरात बसून लिहिलेला. आज तो समोर बसलेला. एकेक माणूस येतोय आणि त्याच्या बाजूची खोली सोडून जातोय. आपल्याला असं बसवलं तर कसं वाटतं, ते मला माहीत आहे, पोरी. आमच्या बापाला गावात असंच बसवायचे." मग लगेच, "आता बोंबलणार तो रोज. भोगतो."

ठाणे स्टेशन

गाडीला पाऊण तास होता. मी फलाटावरच्या बाकावर बसून दिल्लीला सरांना फोन लावला. सर बंगाली, बोलणं इंग्रजीतच झालं. मी आधी ते अर्धं पान सांगितलं, चार बिऱ्हाडं आणि न थांबणारी अदलाबदल. मग सांगितलं, की प्रमेय फक्त गृहीतक दोन खरं असेल तिथंच टिकतं, आणि हे मी पहिल्या पानावर, प्रमेयाच्या आधी लिहिणार आहे. शेजाऱ्यांचं प्रकरण मला सुटलेलं नाही, हेही लिहिणार आहे.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"किती पानं कमी होतील?" त्यांनी विचारलं.

"चौदा."

"आणि नवीन किती?"

"तीन. त्यातलं एक नुसतं उदाहरण."

"आधी ती तीन पाठव," सर म्हणाले. "चौदा मी नंतर खोडीन."

फोन ठेवून मी लगेच बापट बाईंना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तीन पानं लिहायला कधी बसतेस?"

"गाडीतच."

"मग मला एक प्रत पाठव. टाइप केलेली. मी पण माझा गठ्ठा खाली काढून बसते आहे. उरलेलं काही शाबूत आहे का, बघू."